चौदा एप्रिलची टॅली

पाळी सुटल्यावर गोदीच्या गेटाबाहेर टपरीवर चहा घेत होतो. बाकड्यावर कुणीतरी पेपर टाकून गेलेलं. कोपऱ्यात बोटभर चौकट. वर छापलेलं : दिनविशेष, १४ एप्रिल. खाली चार ओळी. १८६५, अब्राहम लिंकन यांच्यावर गोळीबार. १८९१, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म. १९१२, टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळले. १९४४, मुंबई गोदीत भीषण स्फोट. आणि त्याच्या खाली लगेच बनियनची जाहिरात.

हे वाचून माणूस काय करतो? 'अरेच्चा, एवढं सगळं एकाच दिवशी!' म्हणतो, चहात पाव बुडवतो आणि पान उलटतो. मीही बुडवला. पण घशाखाली उतरेना. कारण त्या चौथ्या ओळीत माझ्या आजीचा बाप आहे. नाव नाही, गाव नाही, मेल्याचा कागद नाही. 'भीषण' या शब्दाच्या आत कुठंतरी तो जळून पडलाय.

दोस्तहो, मी मॅट्रिक. कॉलेजचं तोंड पाहिलं ते गेटावर पोस्टर चिकटवताना. पण आमच्या धंद्यात टॅली नावाची एक चीज असते, ती मला येते. जहाजाच्या पोटातून वर येणारी प्रत्येक जाळी टॅली क्लार्क वहीत टिपतो. चार उभ्या रेघा, पाचवी तिरपी. शंभर गोण्यांत एक कमी भरली तर मुकादमापासून साहेबापर्यंत सगळे बोंबलतात, आणि संशय पहिला आमच्यावर. मालाचा हिशेब असा लागतो. तर आज या दिनविशेषवाल्यांची टॅली घेऊ. बघू त्यांच्या वहीत काय भरलंय आणि काय गाळलंय.

पहिली जाळी लिंकनची.

लिंकनला गोळी लागली हे शाळेतलं पोरगंही सांगतं. का लागली, हे कोण सांगतं? ११ एप्रिल १८६५ ला लिंकन व्हाइट हाऊसच्या खिडकीतून बोलत होता. काळ्या माणसांपैकी काहींना, म्हणजे शिकलेल्यांना आणि सैन्यात लढलेल्यांना, मताचा हक्क असावा असं तो जाहीरपणे म्हणाला. सगळ्यांना नाही, काहींना! तेवढंही खाली गर्दीत उभ्या असलेल्या एका गोऱ्या नटाला सोसलं नाही. हे याचं शेवटचं भाषण, असं तो तिथंच बोलला. तीन दिवसांनी, गुड फ्रायडेच्या रात्री, वॉशिंग्टनच्या फोर्ड थिएटरात त्या जॉन विल्क्स बूथनं मागून गोळी घातली. म्हणजे गोळी शिरली लिंकनच्या डोक्यात, पण नेम होता काळ्यांच्या मतपेटीवर. दिनविशेषवाला डोकं छापतो, नेम छापत नाही.

आणि ते काळे सैनिक? उत्तरेच्या फौजेत ते सुमारे १ लाख ८० हजार होते. गुलामी लिंकनच्या सहीनं तुटली असं पुस्तकात शिकवतात. सहीमागं या लोकांच्या संगिनी होत्या. त्याच वर्षी ६ डिसेंबरला अमेरिकन घटनेची तेरावी दुरुस्ती पक्की झाली, गुलामी कायद्यानं गेली. पण त्या वाक्यातच एक फट ठेवली होती : गुन्ह्याची शिक्षा म्हणून सोडून. पुढं दक्षिणेतल्या राज्यांनी 'भटकतो' एवढ्या गुन्ह्यावर काळ्यांना पकडलं, तुरुंगात घातलं आणि ठेकेदारांना भाड्यानं दिलं. साखळी तीच, फक्त पावती नवी. आपल्या जोतिबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या माणसांना. पुण्यात बसून त्या माणसाला समुद्रापलीकडचं कळत होतं. आणि आमच्या संपादकाला आपल्याच पानावर काय छापलंय ते कळत नाही.

दुसरी जाळी टायटॅनिकची.

टायटॅनिक म्हटलं की पोरींच्या डोळ्यांत पाणी. तो सिनेमा, तो नट, ते हात पसरून उभं राहणं. मी गोदीतला माणूस, मला जहाजाचं तोंड दिसत नाही, पोट दिसतं. त्या पोटात २९ बॉयलर होते, १५९ भट्ट्या होत्या. त्यांत दिवसरात्र फावड्यानं कोळसा लोटणारी काळीठिक्कर माणसं होती. १४ एप्रिल १९१२, रात्री ११ वाजून ४० मिनिटं. हिमनग लागला तेव्हा वरच्या मजल्यावर काहींना नुसता हादरा जाणवला. खाली भट्टीवाल्यांच्या अंगावर थेट समुद्र आला.

सुमारे पंधराशे माणसं मेली. त्यांची टॅली घ्या. पहिल्या वर्गातले निम्म्याहून जास्त वाचले. तिसऱ्या वर्गात चारांतले तीन मेले. कामगारांतही जवळपास तोच हिशेब. इंजिनं सांभाळणारा एकही इंजिनियर परत आला नाही. आणि वाचलेल्या खलाशांचा पगार? जहाज पाण्याखाली गेलं त्या क्षणापर्यंतचा. जहाज नाही तर नोकरी नाही, नोकरी नाही तर पगार नाही! पुढं बर्फाच्या पाण्यात रात्रभर कुडकुडलास ती तुझी हौस. बुडताना जे वाजवत राहिले त्या वादकांतल्या एकाच्या बापाला तर पोराच्या गणवेशाची बाकी भर म्हणून बिल गेलं.

आता खरी गंमत ऐका. मुडदे गोळा करायला कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून एक जहाज गेलं. त्याला ३०६ प्रेतं सापडली. पहिल्या वर्गाच्या प्रेताला पेटी. दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाच्या प्रेताला किंतानाची पिशवी. खलाशाचं प्रेत बर्फावर, उघडं. आणि ११६ प्रेतं परत समुद्रात सोडली, त्यांत बहुतेक तिसऱ्या वर्गाचे आणि कामगार. वाचताना मी थांबलो. म्हटलं, च्यायला, हे मनूचं जहाज इंग्रजांनी कधी विकत घेतलं? आपल्याकडं मेल्यावरही मसणवटा वेगळा. तिथं मेल्यावरही तिकीट तपासलं!

तिसरी जाळी त्या चौकटीत आलीच नाही. ती कवीची आहे, म्हणून मी उतरवतो.

१४ एप्रिल १९३०, मॉस्को. व्लादिमिर मायकोव्हस्कीनं छातीत गोळी घालून घेतली. वय ३६. क्रांतीसाठी या माणसानं पोस्टरं रंगवली, घोषणा लिहिल्या, कारखान्यांतून कविता गरजत फिरला. मरायच्या दोन महिने आधी त्यानं आपल्या वीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन मांडलं. तरुण पोरं आली. बडे साहित्यिक, पक्षातले मानकरी, फिरकले नाहीत. प्रेमाचंही दुखणं होतं, ते लपवायचं कारण नाही. पण एकटं पाडायचं काम कचेरीतल्या खुर्च्यांनी नीट केलं होतं. आणि १९३५ च्या अखेरीला स्टालिननं हुकूम दिल्यासारखं सांगितलं की हाच सोव्हिएत युगाचा सगळ्यात मोठा कवी. झालं. चौकाला नाव, शाळेत धडा, मग ब्राँझचा पुतळा. जिवंतपणी ज्याला खुर्ची दिली नाही त्याला मेल्यावर चौथरा.

हे आपल्याला काही ओळखीचं वाटतं का, दोस्तहो? कवीलाच नाही, बापालाही असंच करतात. विचार सोसत नाही म्हणून पुतळा करतात. पुतळा बोलत नाही ना!

चौथी जाळी पोरींची. १४ एप्रिल २०१४ ची रात्र. नायजेरियात बोर्नो प्रांतात चिबोक नावाचं गाव. शाळा मुलींची. परीक्षेसाठी जमलेल्या २७६ मुली बोको हरामच्या बंदूकवाल्यांनी ट्रकांत घालून नेल्या. ५७ जणी सुरुवातीलाच निसटल्या. पुढं बऱ्याच सुटल्या. दहा वर्षांनीही ऐंशीहून जास्त पोरी परत आल्या नव्हत्या. मी मॅट्रिकचा फॉर्म भरला तेव्हा आईनं कानातलं गहाण ठेवलं होतं. परीक्षेला बसणं म्हणजे काय असतं, ते ज्याच्या घरात पहिलीच पाटी आली त्याला विचारा. त्या पोरींचा गुन्हा एवढाच की त्या पेपर लिहायला आल्या होत्या. सावित्रीबाईंवर शेण फेकणारा हात आणि हा हात एकाच खांद्याला फुटलेत. मधे समुद्र असला म्हणून काय झालं?

आता शेवटची जाळी. ही जड आहे. सगळ्यांनी हूक लावा.

'फोर्ट स्टायकिन' हे जहाज १२ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागलं. लढाईचे दिवस. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं. त्याच पोटात कराचीहून भरलेल्या कापसाच्या गाठी, तेलाची पिंपं, लाकूड, गंधक. आणि ३१ पेट्या सोनं, त्या काळच्या भावानं जवळपास ८ लाख ९० हजार पौंडांचं. कापसाच्या डोक्यावर दारूगोळा रचायचा नाही, हे चुलीजवळ रॉकेल न ठेवणाऱ्या माझ्या आजीला कळतं. साहेबाला कळलं नाही. दारूगोळा आहे हे सांगायला जहाजावर लाल बावटा लावायचा असतो. तो लावला नव्हता.

दोन दिवस जहाज तसंच भरगच्च शहराच्या कुशीत. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या हॅचमध्ये आग दिसली. बंब आले, पाणी मारलं. पण जहाज ओढून बाहेर न्यायचं की तिथंच बुडवायचं, हे ठरवणारा एक साहेब नव्हता. बरेच होते. प्रत्येकाचं मत होतं, हुकूम कुणाचाच नव्हता. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, पहिल्यापेक्षा मोठा. सिमल्याच्या भूकंपयंत्रावर धक्का उमटला. पेटता कापूस शहरावर पडला. मांडवीच्या गल्ल्या, वखारी, झोपड्या पेटल्या. तेरा जहाजं गेली. सुमारे ८० हजार माणसं बेघर झाली.

माझी आजी तेव्हा सहा वर्षांची. आता नव्वदीला टेकलीय, पण हे विचारलं की सरळ बसते. म्हणते, "जयंती व्हती. बा म्हनला, पाळी करून येतो, मग मिरवनुकीला जाऊ. मला खांद्यावर घेनार व्हता. चार वाजता फळीवरची भांडी खाली आली. आय म्हनली, भुकंप. मग आभाळातनं कापूस पडाय लागला, जळता. मी हात पुढं केला. मला वाटलं, जयंतीचंच कायतरी हाय."

तो हात अजून तिच्याकडं आहे. तळव्याला डाग आहे. तिच्या बापाचा तेवढा एकच पुरावा.

तिची आय चार दिवस एका इस्पितळातून दुसऱ्यात फिरली. मग गोदीवर गेली. कारकुनानं विचारलं, टोळीवाल्याचं नाव काय? कारण त्या काळी आमचा माणूस गोदीचा नसायचाच, टोळीवाल्याचा असायचा. रोज सकाळी गेटावर उभं राहायचं, टोळीवाला बोट दाखवील तो आत. वहीत टोळी मांडायची, माणूस नाही. टोळीवालाही मेलेला किंवा पळालेला. झालं! जो वहीत आत गेला नाही तो आत मेला कसा? बाईला परत पाठवलं. गोदी कामगारांची नोंदणी करायला लावणारा कायदा आला तो १९४८ मध्ये. चार वर्षं उशिरा पोचला. आणि आज मी कुणाच्या वहीत आहे? कंत्राटदाराच्या. सांगायला लाज वाटते.

आता टॅली. मेले किती? पुस्तकं म्हणतात, ८०० ते १३००. अरे, हे काय माणसं मोजणं झालं? मधले पाचशे कुठं गेले? गोणी हरवली तर रात्रभर गोदी पालथी घालता, आणि पाचशे माणसं 'ते' या एका अक्षरात बसवता? सोन्याची मात्र टॅली लागली. विटा उडून मैलभर लांब लोकांच्या घरांत पडल्या, त्या परत घेतल्या. पाण्यातल्या विटांसाठी गाळ उपसला. पुढं कित्येक वर्षं गाळ काढताना वीट सापडली की बातमी व्हायची. हाड सापडलं तर बातमी होत नाही.

बातमीचंच बोलू. दुसऱ्या दिवशी, १५ एप्रिलला, ही खबर दिली जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं. इथल्या पेपरवाल्यांना बाहेर बातमी पाठवायची परवानगी मिळाली मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. शहर जळालं, धूर सगळ्यांना दिसला, आणि छापायला बंदी! आज बंदी नाही. आज बनियनच्या जाहिरातीवर एक ओळ आहे. फरक सांगा.

आग विझवताना ६६ जवान मेले. त्यांना माझा सलाम, मनापासून. भायखळ्याला त्यांचं स्मारक आहे, देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात, पाळलाच पाहिजे. त्यांचा आकडा पुरा आहे, कारण ते हजेरीपटावर होते. माझं भांडण त्यांच्याशी नाही. माझं भांडण हजेरीपटाशी आहे. मग ५ लाख टन ढिगारा उपसायला आठ हजार माणसं सात महिने राबली आणि गोदी पुन्हा चालू झाली. मालाला वाट मिळाली. आता तर त्या व्हिक्टोरिया गोदीत भराव टाकलाय. जिथं पाणी होतं तिथं जमीन. आमची प्रेतं आणखी खाली.

इथं एक शहाणा मला अडवतो. म्हणतो, 'काय योग आहे बघ! लिंकनला गोळी १४ एप्रिलला, गुलामी गेली ६ डिसेंबरला. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल, महापरिनिर्वाण ६ डिसेंबर. काहीतरी संकेत आहे!' हा आपलाच माणूस आहे, निळा गमछा आहे गळ्यात. मी म्हणतो, गमछा काढ आणि पंचांग घेऊन बस देवळाच्या पायरीवर. वर्षात दिवस ३६५, आणि जगाच्या पाठीवर रोज कुणी जन्मतं, कुणी मारलं जातं. कुठल्याही तारखेची मूठ उघड, हवा तो योग सापडेल. तारखेत काही नसतं. मुहूर्त काढणाऱ्यांची पोथी ज्यांनी जाळली त्यांच्या पोरांनी आता दिनविशेषाचं पंचांग काढायचं?

खरं बघायचं असेल तर तारीख सोड, कारण धर. ६ डिसेंबर तुला हवा ना? घे. ६ डिसेंबर १९१७. तेच हॅलिफॅक्स, जिथं टायटॅनिकचे मुडदे पुरले. 'माँ ब्लाँ' नावाचं दारूगोळ्याचं जहाज बंदरात दुसऱ्याला धडकलं, पेटलं आणि फुटलं. लाल बावटा त्याच्यावरही नव्हता. लोक खिडक्यांतून आग बघत होते. दोन हजारांच्या आसपास माणसं मेली. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी मुंबईत तेच. आणि ४ ऑगस्ट २०२० ला बैरूतच्या बंदरात २७५० टन अमोनियम नायट्रेट, कित्येक वर्षं वखारीत पडून. दोनशेहून जास्त माणसं गेली. इथं तारीख जुळत नाही. पण सगळं जुळतं! दारू शहराच्या पोटात ठेवायची, सांगायचं नाही, आणि फुटली की मोजायचं नाही. हे ग्रहांचं काम नाही, भावांनो. हे मालकांचं काम आहे. योगायोग म्हटलं की मालक सुटतो. म्हणूनच दिनविशेषात कारण छापत नाहीत, नुसती तारीख छापतात.

आता आपल्या घरात येतो. कडू लागेल.

कुणी म्हणेल, जयंतीच्या दिवशी सुतक कशाला? मी विचारतो, १४ एप्रिल १९४४ ला बाबासाहेब कोण होते? व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. आदल्या डिसेंबरात धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले होते, मजूर कुठं मरतो ते डोळ्यांनी बघायला. त्या दिवशी त्यांना त्रेपन्न वर्षं पुरी झाली. त्यांच्या वाढदिवसाच्या मिरवणुकीला निघालेला मजूर मिरवणुकीला पोचला नाही. त्याला आठवणं म्हणजे सुतक? मग जयंती म्हणजे काय? दहा फुटी बॅनर, वर बाबासाहेब चार इंच आणि खाली नगरसेवक चार फूट? डीजेच्या भिंतीपुढं रात्रभर नाचणाऱ्या पोरांना मी नावं ठेवत नाही. वर्षभर वाकलेली पाठ एक रात्र सरळ होते, होऊ दे. मीही नाचतो. पण ज्यांनी आपल्याला नाचण्यापुरतंच ठेवलंय त्यांना मी ओळखतो. त्यांनाही बाबासाहेब दिनविशेषातल्या एका ओळीएवढेच हवेत. जन्म झाला, हार घाला, घरी जा.

म्हणून माझं मागणं साधं आहे. आपल्या प्रत्येक छावणीनं, प्रत्येक शाखेनं, येत्या १४ एप्रिलच्या आत एक वही करावी. शिवडी, माझगाव, वाडीबंदर, नायगाव, वरळी, जिथं जिथं म्हातारी माणसं उरलीत तिथं जाऊन बसावं. विचारावं, त्या दिवशी तुमच्या घरातलं कोण परत आलं नाही? नाव लिहावं, गाव लिहावं, टोळी आठवत असेल तर तीही. जात विचारू नका. गोदीत आपल्याबरोबर मराठे होते, मुसलमान होते, घाटावरचे, कोकणातले, तेलुगू मुलखातले होते. पेटता कापूस जात विचारून पडला नाही. घाई करा. ही माणसं जातील तेव्हा वहीसुद्धा त्यांच्याबरोबर जळेल.

आणि त्या दिवशी दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी गोदीच्या गेटावर जमू. डीजे दोन मिनिटं बंद. वही उघडू आणि एकेक नाव मोठ्यानं वाचू. चार उभ्या रेघा, पाचवी तिरपी. मग मिरवणूक निघू दे, आणि अशी निघू दे की शहर हललं पाहिजे.

वहीतलं पहिलं नाव मी लिहिलंय. इथं छापत नाही. एकट्याचं नाव छापलं की त्याचा पुन्हा दिनविशेष होतो. छापायचीच तर सगळी यादी छापू. पेन्सिल आजीनं धरली होती. तिला लिहिता येत नाही, मी तिचा हात धरला. डाग असलेला.

तिनं बापाच्या नावापुढं एक उभी रेघ ओढली. बाकीच्या तुम्ही ओढा.